विमानाचे पाय

विमान आकाशात असतं तेव्हा त्याचे पाय कुणाला दिसत नाहीत. मोठ्या विमानाचे तर पोटातच ओढून घेतलेले असतात. लहानपणी अंगणात उभं राहून आम्ही वर बघत ओरडायचो, तेव्हा आमचं सगळं लक्ष पंखांकडं आणि मागं राहणाऱ्या पांढऱ्या रेघेकडं असायचं. त्या विमानाला चाकं असतात आणि कुठंतरी जाऊन ती जमिनीला टेकवावी लागतात, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी करावा लागला, आणि तोही आमच्या पंक्चरच्या दुकानात बसून.

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. गुरुत्वमध्य हा शब्द दहावीनंतर माझ्या आयुष्यातून सन्मानानं निवृत्त झाला होता. तो परत आला तो दादाबरोबर.

२०२३ च्या जूनमध्ये दादा पुण्याहून घरी आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचे चार विषय राहिले होते. वर्ष गेलं होतं. एक बॅग, गादीची वळकटी आणि पुठ्ठ्याचा एक लांबट खोका, एवढंच सामान. खोक्यात पुस्तकं असतील असं समजून आईनं काही विचारलं नाही. आप्पांनी विचारलं नाही, कारण आप्पा त्या दिवसापासून त्याच्याशी बोलेनासेच झाले.

स्टँडजवळ आप्पांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. सायकली आता कमी झाल्या, मोटरसायकलची पंक्चर जास्त. पण पाटीवर अजून सायकलच आहे. त्या दुकानावर दादाची फी भरली गेली होती. आप्पा ओरडले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ते नुसते गप्प झाले. जेवताना मला सांगायचे, “त्याला म्हणावं, भाकरी घे.” दादा मला सांगायचा, “पोट भरलंय म्हणावं.” दोघांच्या मधे दोन हातांचं अंतर, आणि मी निरोप्या! चार महिने आमच्या घरात असं पोस्ट ऑफिस चालू होतं.

दादा दिवसभर माडीवर पडून असायचा. गणपती गेले, पाऊस ओसरला, आणि एक दिवस त्यानं तो खोका उघडला. आत विमान होतं. पांढरं, हातात घेतलं तर उचलल्यासारखंही वाटू नये इतकं हलकं. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर एक मीटर. नाकाशी छोटी मोटर, तिच्यावर ८ इंची पंखा, पोटात बॅटरी, आणि जमिनीवर उभं राहून उडवायचा रिमोट. सगळं मिळून ४८० ग्रॅम. म्हणजे आमच्याकडच्या अर्ध्या किलो साखरेच्या पुड्यापेक्षा कमी. ते डेप्रॉनचं होतं. डेप्रॉन म्हणजे थर्माकोलचा चुलतभाऊ. दोघंही पॉलिस्टायरिनचेच, पण थर्माकोल दाण्यादाण्यांचा असतो, आणि डेप्रॉनची शीट अखंड, गुळगुळीत, कटरनं सरळ कापली जाणारी. परदेशात ते फरशीखाली नाहीतर भिंतीला ऊब राहावी म्हणून लावायला काढलं होतं. विमानवेड्यांनी त्याला पंख केले.

ह्या विमानाला पाय नव्हते. हातानं फेकायचं आणि उतरताना पोटावर घासत न्यायचं. कॉलेजच्या हिरवळीवर ते जमत असेल. आमच्या गावाबाहेरच्या गायरानात हिरवळ कुठली? खडे आणि वाळलेली कुसळं. पहिल्याच दिवशी पंख्याचं एक पातं मोडलं. दुसऱ्या दिवशी दुसरा पंखा. आठवडाभरात पोटाला इतक्या चिकटपट्ट्या लागल्या की ते विमान ऑपरेशन होऊन आलेल्या माणसासारखं दिसायला लागलं.

“ह्याला पाय लावायला पाहिजेत,” दादा म्हणाला. कित्येक दिवसांत त्याच्या तोंडून आलेलं ते पहिलं पुरं वाक्य होतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

पाय लावायचे म्हणजे तार हवी. ह्या कामाला पियानोची तार वापरतात, असं त्यानं सांगितलं. ती कडक असते, वाकवून सोडली की जागेवर येते. आता आमच्या गावात पियानोच कुणी पाहिलेला नाही, तर त्याची तार कुठून आणायची? मी म्हटलं, “सायकलचा स्पोक चालंल का?” तो माझ्याकडं बघतच राहिला. चौदा गेजचा स्पोक म्हणजे जवळजवळ २ मिलिमीटर जाडीची, लांबीला फूटभर, ओढून काढलेल्या पोलादाची तार. आमच्या घरी ती किलोनं पडलेली!

मी दुकानात गेले आणि भंगाराच्या डब्यातनं दोन स्पोक उचलले. आप्पा रिमची आउट काढत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “कशाला?” मी म्हटलं, “दादाला.” ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं उठले, माझ्या हातातले गंजके स्पोक काढून घेतले, आणि नव्या जुडीतले चार ओढून दिले.

पहिली जोडी आम्ही वाया घालवली. तार लवकर वाकावी म्हणून दादानं ती गॅसवर लाल करून घेतली. वाकली सुरेख, पण पहिल्याच उतरणीत दोन्ही पाय दोन बाजूंना पसरले आणि विमान फतकल मारून बसलं. पोलाद लाल होईस्तोवर तापवून सावकाश निवू दिलं की त्यातला ताठा जातो, आणि ताठ्याबरोबर परत जागेवर यायची शक्तीही जाते. मग दुपारी आप्पा जेवायला घरी गेले की आम्ही दुकानातल्या शिकंज्यात तार धरून थंडच वाकवायला लागलो. तीही एकदम काटकोनात नाही. मधे जाड बोल्ट धरून त्याच्याभोवती वळवायची. टोकदार वळण दिलं तर तार तिथंच दमते आणि पुढं कधीतरी तिथंच तुटते.

मग प्रश्न आला, पाय लावायचे कुठं? विमान दोन बोटांवर तोलून धरायचं. जिथं ते आडवं स्थिर राहील तो त्याचा गुरुत्वमध्य. आमच्या विमानाचा तो पंखाच्या पुढच्या कडेपासून ६ सेंटिमीटर मागं होता. मी म्हटलं, “मग बरोबर त्याच्याखाली चाकं लावू; तोल तिथंच आहे ना!” दादा हसला, पण त्यानं मला करू दिलं. विमान पळायला लागलं, एका कुसळात चाक अडलं, आणि ते नाकावर उभं राहिलं. पंखा गेला. शेपटीखाली छोटं चाक आणि पुढं दोन मोठी, अशी मांडणी असली तर मोठी चाकं त्या मध्याच्या थोडी पुढं लागतात. आम्ही ती ४ सेंटिमीटर पुढं नेली. फार पुढं नेली तर दुसरंच दुखणं. वजन चाकांच्या मागं राहतं, आणि मागचं वजन सारखं पुढं यायला बघतं. ज्यानं बैलगाडी उलटी ढकलली आहे त्याला हे सांगायला नको. दांडी जरा तिरकी झाली की गाडी गर्रकन फिरते. विमानही जमिनीवर तसंच गिरकी घेतं. ती टाळायला दोन चाकांत अंतर भरपूर हवं. आम्ही पंखांच्या लांबीचा चौथा हिस्सा धरला: २५ सेंटिमीटर. उंची अशी, की विमान आडवं असताना पंख्याचं पातं जमिनीपासून तीन बोटं तरी वर राहावं.

चाकं मी केली. ह्याचा मला अजून अभिमान आहे. आधी हवाई चपलेच्या तळव्यातनं गोल कापले. दिसायला छान; पण किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले तर एकेक २० ग्रॅमचा! दोन चाकांचे ४० ग्रॅम म्हणजे विमानानं बाराव्या हिश्शाचं ओझं नुसतं पायांत बांधून फिरायचं. मग डेप्रॉनच्या दोन गोल चकत्या एकमेकींवर चिकटवल्या, दोन्ही बाजूंना लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, मधे जाड रिफिलचा तुकडा बुश म्हणून, आणि कडेनं सायकलच्या ट्यूबची पट्टी सोल्युशननं बसवली. साडेसहा सेंटिमीटरचं चाक, वजन ५ ग्रॅमच्या आसपास. चाक लहान केलं असतं तर आणखी हलकं झालं असतं. पण गवतात लहान चाक अडतं, मोठं चढून जातं. चाक तारेवरनं निघू नये म्हणून शेवटाला वालट्यूबचा तुकडा. एका चाकावर ‘शुभविवाह’ अशी अक्षरं आली होती. आई म्हणाली, “निदान ह्याचं तरी झालं!”

राहिली शेवटची गोष्ट, आणि तिनंच आम्हांला रडवलं. पाय विमानाला जोडायचे कसे? पहिल्यांदा ग्लू गननं चिकटवले, ते निघाले. मग दादानं ३ मिलिमीटर प्लायवुडचा तुकडा घेतला, त्याला तार बांधली आणि तो तुकडा अराल्डाइट लावून पोटात कायमचा बसवला. “आता बघतो कसे निघतात,” म्हणाला. ते खरोखरच निघाले नाहीत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात विमान जरा जोरात उतरलं; चाकं, तार, प्लायवुड सगळं जसंच्या तसं राहिलं, आणि त्याच्यासकट पोटाचा तळहाताएवढा तुकडा उपटून बाहेर आला. डिंकानं फोमला सोडलं नव्हतं. फोमच फाटला होता. फोम दाब बराच सोसतो. ओढ आणि हिसका त्याला सोसत नाही.

दादानं ते विमान दुकानात आणून बाकावर ठेवलं आणि डोकं धरून बसला. मला वाटलं, आता हे पुन्हा माडीवर जाणार, विमानही आणि हाही.

तेवढ्यात आप्पा आले. त्या दिवशी लवकर जेवून आले होते. आम्ही दोघं उठून उभं राहिलो. आप्पांनी तो उपटलेला तुकडा उचलला, अंगठ्यानं फोम दाबून पाहिला, प्लायवुड हलवून पाहिलं. आणि बोलले. माझ्याकडं बघून नव्हे, दादाकडं बघून.

“एवढं आवळून कशाला बसवलंस?”

दादा गप्प.

“मऊ वस्तूला कडक वस्तू आवळून बांधायची नाही. हिसका बसला की जे मऊ तेच फाटणार. मधे रबर घाल. जे सुटायचं ते सुटू दे. परत लावता येतं.” मग जुनी ट्यूब ओढली आणि कात्रीनं तिच्या आडव्या रिंगा कापायला लागले. “वजन किती रं ह्याचं?”

“पाय धरून पाचशेवर गेलंय, आप्पा. पाचशे दहा.”

“मग दोन्ही बाजूला दोन-दोन रिंगा बास.”

पाच महिन्यांत बापलेकांचं पहिलं बोलणं झालं ते पाचशे दहा ग्रॅमवर. मी आत जाऊन उगीचच पंपाचा नळ पुसत बसले.

पुढचं काम त्या दोघांनी केलं. पोटाला प्लायवुडची पातळ पट्टी आतून लावली, जोर एका जागी न येता पसरावा म्हणून. बांबूच्या दोन कामट्या पोटातनं आरपार घातल्या, टोकं दोन्हीकडं बोटभर बाहेर. तार पोटाखाली नुसती टेकवायची आणि कामट्यांच्या टोकांना रबराच्या रिंगा ताणून अडकवायच्या. साध्या उतरणीत तार लवते. जोराचा दणका बसला तर रबर ताणतं. त्याहून जोराचा बसला तर रिंग निसटते, पाय गळून पडतात, आणि पोट शाबूत राहतं.

हा शोध आप्पांचा, असं मी कॉलेजात सांगत सुटले होते. दादानं मला थांबवलं. म्हणाला, ही युक्ती विमानाइतकीच जुनी आहे. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचं विमान उडालं तेव्हा त्याला चाकं नव्हतीच. ते एका रुळावरून सुटलं आणि लाकडी घसरपट्ट्यांवर वाळूत उतरलं. चाकांवर पळत उडणं १९०६ साली पॅरिसमध्ये साँतोस-द्युमाँनं करून दाखवलं. पुढं लुई ब्लेरिओच्या विमानाची चाकं रबराच्या ताणावर बसवलेली होती. २५ जुलै १९०९ ला तो इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरला पोचला. वाऱ्याच्या झोतात विमान आपटलं, पाय मोडले, पंखा मोडला. तरी जग त्याला अपघात म्हणत नाही. खाडी ओलांडली, असंच म्हणतं. पायपर कब नावाच्या प्रसिद्ध छोट्या विमानाच्या पायांतही रबरी दोरच असत, आणि सेस्नाच्या लहान विमानांचे पाय म्हणजे लवणारं पोलादच. म्हणजे आमच्या दुकानात जे दोन पदार्थ धूळ खात पडले होते, स्पोक आणि ट्यूब, त्यांच्याच जातीवर माणसं इतकी वर्षं जमिनीवर परत येत आली आहेत.

हे आप्पांना सांगितल्यावर ते म्हणाले, “असंल.” पण त्या दिवशी त्यांनी एक ट्यूब जास्तीची कापली.

भाऊबीजेच्या सकाळी दुकान बंद होतं. आम्ही तिघं माळावर गेलो. आप्पा ‘सहज पाय मोकळे करायला’ आले होते! गाडीवाटेचा टणक पट्टा पाहून दादानं विमान वाऱ्याकडं तोंड करून ठेवलं. मोटर वाढली, शेपटी उचलली, आणि दहा-बारा पावलांत ते जमिनीवरनं सुटलं. वर गेल्यावर मी आणि आप्पा सवयीप्रमाणं पंखांकडंच बघत होतो. दादा मात्र खाली बघत होता. उतरायची जागा शोधत होता. आता मला कळतं, उडवणाऱ्याचं अर्धं लक्ष पहिल्यापासून तिथंच असतं.

त्यानं एक मोठा वळसा घेतला, मोटर कमी केली, आणि विमान वाऱ्यात शिरत खाली यायला लागलं. शेवटच्या हातभर उंचीवर त्यानं नाक किंचित वर घेतलं. चाकं टेकली. एक उडी घेतली, दुसरी घेतली. तिसरीला डावं चाक दगडावर आदळलं. फट् असा आवाज झाला. रिंग निसटली, पाय मागं लोळत राहिले, आणि विमान पोटावर दोन हात घसरून थांबलं.

आम्ही धावलो. पंखा धड होता. पोट धड होतं. आप्पा मागनं सावकाश आले. वाटेत त्यांनी गवतातनं ते पाय उचलून आणले होते. ‘शुभविवाह’वालं चाक अंगठ्यानं फिरवून बघितलं, आउट नाही ना म्हणून, जन्माची सवय! मग खिशातनं नवी रिंग काढून दादाच्या हातावर ठेवली.

“परत लाव,” म्हणाले.

त्या सकाळी ते पाय चार वेळा गळले आणि पाच वेळा लावले गेले.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. आमच्या घरानं दादाला फेकलं होतं ते सगळा जोर लावून. आप्पांची बचत, आईची पाटली, माझी ‘तू काय, आर्ट्सच करशील’ म्हणून वाचलेली फी, हे सगळं त्या एका फेकीत होतं. तो किती उंच जाईल, हे आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगून ठेवलं होतं. तो खाली आला तर कशावर येईल, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. त्यानंही नाही. म्हणून तो पोटावर आला आणि घासला गेला. आणि आप्पा? त्यांचंही त्या प्लायवुडसारखंच झालं होतं. पोराशी ते इतके घट्ट बांधलेले होते की हिसका बसल्यावर त्यांना सुटताही येईना आणि लवताही येईना. त्यांच्या त्या गप्प बसण्याला मी राग समजत होते. ते फाटणं होतं.

हे मी आप्पांना कधी म्हटलेलं नाही. म्हटलं तर म्हणतील, “तुम्ही मराठीवाले स्पोकलाही सोडत नाही.”

जानेवारीत दादा पुन्हा पुण्याला गेला. राहिलेल्या चार विषयांपैकी तीन पुढं सुटले. एक अजून आहे. विमान दुकानात खिळ्याला टांगलं आहे, आणि पंक्चर काढायला आलेली पोरं पंपाची वाट बघता बघता त्याची चाकं फिरवतात. दादा जायला निघाला त्या दिवशी आप्पा स्टँडवर आले होते. एस.टी. लागली तेव्हा त्यांनी त्याच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कागदाची एक पुडी सरकवली. दादाला वाटलं, पैसे असतील. शिरवळ मागं पडल्यावर त्यानं ती उघडली आणि मला फोन केला.

पुडीत ट्यूबच्या रिंगा होत्या. पंचवीस-तीस तरी असतील.

“विमान तर तिकडंच आहे,” दादा म्हणाला, “मग ह्या कशाला दिल्या असतील गं?”

मी म्हटलं, “असू देत जवळ.”